फ्रँकेन्स्टाइनचे वेड आणि त्याचे पाठभेद

‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्द विल्यम ह्यूएल या पंडिताने १८३३ मध्ये केंब्रिज येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात प्रथम सुचविला व पुढील वर्षी तो छापून प्रसिद्ध झाला. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी त्याच्या पंधरा वर्षे आधी, १ जानेवारी १८१८ रोजी, लेखिकेच्या नावाविना लंडनमध्ये प्रकाशित झाली होती. तेव्हा जगातील सर्व माथेफिरू शास्त्रज्ञांचा मूळपुरुष म्हणून ज्याच्याकडे बोट दाखविले जाते, त्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनच्या जन्मकाळी ‘शास्त्रज्ञ’ या अर्थाचे आजचे इंग्रजी नामच अस्तित्वात नव्हते. राहता राहिले ‘माथेफिरू’ हे विशेषण. ते त्याला कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रयोजनाने चिकटविले, या प्रश्नाचा इतिहास नामाच्या इतिहासाहून अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि अधिक बोधकही.

पाठभेदांची चिकित्सा महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या महत्कार्याचा हेतू उपलब्ध पाठांच्या आधारे शक्य तितक्या प्राचीन पाठापर्यंत मागे जाण्याचा होता. फ्रँकेन्स्टाइनच्या बाबतीत गंगा उलटी वाहते. येथे मूळ मुद्रित पाठ हाती आहे, त्याची तारीख ज्ञात आहे, हस्तलिखिताचा बराचसा भागही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात सुरक्षित आहे. आणि असे असूनही लोकमानसात वावरणारा फ्रँकेन्स्टाइन त्या पाठात शोधू जाता सापडत नाही. पांढरा अंगरखा, विजेचा लखलखाट, कुबडा मदतनीस, ‘डॉक्टर’ ही पदवी, यांपैकी एकही गोष्ट १८१८ च्या ग्रंथात नाही. नाटककारांनी, चित्रपटकारांनी आणि कादंबरीकारांनी दोन शतके जी रूपांतरे केली त्यांत नायकाचे नाव व दोनचार प्रसंग तेवढे कायम राहिले, परंतु त्या त्या कथासृष्टीचा एखादा मूलभूत नियम बदलला. म्हणून प्रत्येक रूपांतर ही एक समांतर सृष्टीच समजून त्यात दोषाची वाटणी कशी झाली आहे हे पाहणे युक्त ठरते. पुढे १९७३ नंतर समांतर विश्व ही कल्पना शब्दशः कथानकातच उतरली, त्याचा विचार यथाक्रम येईल.

प्रथम मूळ पाठ. व्हिक्टर हा जिनीव्हाच्या एका प्रतिष्ठित कुटुंबातील मुलगा. कॉर्नेलियस अग्रिपा, पॅरासेल्सस, अल्बर्टस मॅग्नस अशा किमयागारांचे ग्रंथ वाचून त्याची कल्पनाशक्ती पेटलेली असते. सतराव्या वर्षी तो इंगोलश्टाटच्या विद्यापीठात जातो आणि तेथे वाल्डमन या अध्यापकाच्या व्याख्यानाने आधुनिक रसायनशास्त्राकडे ओढला जातो. सुमारे चार वर्षांनी तो आठ फूट उंचीच्या एका मानवाकृतीत प्राण फुंकतो. म्हणजे निर्मितीच्या वेळी तो फार तर एकवीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी आहे. त्याने पदवी घेतल्याचाही उल्लेख नाही. प्राण नेमका कशाने फुंकला हे तो कथेचा श्रोता वॉल्टन यास हेतुपुरस्सर सांगत नाही. आणि मग तो पळतो. कृती डोळे उघडते, तिचे रूप त्याला असह्य होते, आणि तो खोलीबाहेर धावत सुटतो. रात्री ती कृती त्याच्या बिछान्याशी येऊन हात पुढे करते तेव्हा तो पुन्हा पळतो. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी आढळल्यावर त्याला होतो तो आनंद. निर्मितीच्या साहसापेक्षा या पलायनावर कादंबरीचा भर अधिक आहे, हे तिच्या रचनेवरूनच दिसते: ग्रंथाच्या मध्यभागी, आल्प्स पर्वतातील हिमनदीच्या काठी, लेखिकेने त्या अनाम कृतीला दीर्घ आत्मनिवेदन दिले आहे, आणि तिची तक्रार आपण निर्माण का झालो ही नसून आपला त्याग का झाला ही आहे.

आता वेडाचा प्रश्न. व्हिक्टर ध्यासाने झपाटलेला होता, आजारी होता, यात शंका नाही. मराठीत ‘वेड’ हा शब्द दोन्ही अंगांनी चालतो. ‘ज्ञानाचे वेड’ म्हटले की गौरव होतो आणि ‘वेडा’ म्हटले की विषय संपतो. कादंबरीत पहिल्या अर्थाचे वेड प्रारंभी येते. दुसऱ्या अर्थाचे वेड मात्र निर्मितीनंतर येते, आणि दर वेळी ते एका विशिष्ट प्रसंगी येते. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम याचा खून होतो. खुनी कोण हे व्हिक्टरने ओळखले आहे. परंतु आळ जस्टिन या आश्रित नोकर मुलीवर येतो. व्हिक्टर न्यायालयात सत्य का बोलत नाही? तो कारण देतो की, आपले म्हणणे वेड्याची बडबड समजले जाईल. जस्टिन फाशी जाते. पुढे मित्र क्लर्व्हल मारला जातो, आणि पॅरिसमध्ये व्हिक्टर वडिलांना सांगतो की विल्यम, जस्टिन, क्लर्व्हल या सर्वांचा घात आपणच केला. वडील त्याला बुद्धिभ्रम झाला असे समजून विषय बदलतात. शेवटी एलिझाबेथचा विवाहाच्या रात्री खून होतो, वडीलही त्या धक्क्याने जातात, व्हिक्टरला वेडा ठरवून कित्येक महिने कोठडीत ठेवले जाते. सुटल्यावर तो जिनीव्हाच्या न्यायाधीशापुढे जाऊन सर्व हकीकत सांगतो, तेव्हा तो न्यायाधीशही ती ज्वरातील प्रलाप मानतो.

या तिन्ही प्रसंगांत एक समान सूत्र आहे. जबाबदारी स्वीकारण्याची वेळ येते तेव्हा तेव्हा वेडाचा आरोप मध्ये येतो: पहिल्या वेळी व्हिक्टर स्वतःच त्याच्या आड लपतो, नंतर इतर लोक त्याच्या कबुलीवर तो आरोप ठेवून मोकळे होतात. मूळ पाठात वेड हे कृत्याचे कारण नाही, कबुलीला मिळालेले उत्तर आहे. उत्तरकालीन पाठांनी या शब्दाची जागा बदलली आणि वेड कृत्याच्या आधी नेऊन ठेवले. माणूस वेडा होता म्हणून त्याने ते केले, असे एकदा ठरले की विद्यापीठ, वाल्डमन, आणि एका नोकर मुलीला फासावर चढविणारे न्यायालय हे सर्व चौकशीच्या बाहेर राहतात.

१८१८ च्या वाचकाला व्हिक्टरचा प्रयोग आज वाटतो तितका अद्भुत वाटण्याचे कारण नव्हते. लुइजी गॅल्व्हानीचा पुतण्या जोव्हानी अल्दिनी याने जानेवारी १८०३ मध्ये लंडनमध्ये, न्यूगेट येथे फाशी गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टर याच्या प्रेतावर विद्युत्प्रवाहाचे जाहीर प्रयोग केले होते. जीवन ही शरीराहून वेगळी शक्ती आहे की शरीररचनेचेच कार्य आहे, या प्रश्नावर जॉन ॲबरनेथी व विल्यम लॉरेन्स या दोन शल्यविशारदांचा वाद त्या दशकात गाजत होता, आणि लॉरेन्स हा पर्सी शेलीचा वैद्य होता. जून १८१६ मध्ये जिनीव्हा सरोवराकाठी व्हिला दिओदाती येथे बायरन, पर्सी, पोलिडोरी आणि अठरा वर्षांची मेरी यांच्यात भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज लागली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या थंड पावसाळी उन्हाळ्यामागे १८१५ मध्ये झालेला तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक होता, हेही आता सर्वमान्य आहे.

मूळ पाठापासून पहिली मोठी फारकत रंगभूमीवर झाली. रिचर्ड ब्रिन्स्ली पीक याचे ‘प्रिझम्प्शन, ऑर द फेट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ हे नाटक २८ जुलै १८२३ रोजी लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये सुरू झाले. शीर्षकातच निकाल होता. ‘प्रिझम्प्शन’ म्हणजे धार्ष्ट्य, ईश्वराच्या अधिकारावर अतिक्रमण. दोष निर्मितीत आहे, त्यागात नाही. या सृष्टीचा बदललेला नियम असा की कृतीला वाचा नाही. टी. पी. कुक या नटाने ती भूमिका मूकाभिनयाने केली, आणि पात्रपरिचयात तिच्या नावाच्या जागी केवळ रेघ छापली होती. मेरी शेलीने २९ ऑगस्टला प्रयोग पाहिला व त्या रेघेचे तिला कौतुक वाटले. तथापि त्या रेघेने जे हिरावून नेले ते थोडे नव्हते. हिमनदीच्या काठचे सारे निवेदन गेले, आणि तक्रार करणारा पक्षच उरला नाही. फ्रिट्झ नावाचा भित्रा नोकर याच नाटकाने प्रथम आणला. पुढे त्याचे काय झाले ते लवकरच दिसेल.

या मूकपणाचा राजकीय उपयोग वर्षभरातच झाला. १६ मार्च १८२४ रोजी ब्रिटिश संसदेत वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या स्थितीवर चर्चा चालू असता परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग याने एका अलीकडील अद्भुत कथेचा दाखला दिला: शरीराने प्रौढ आणि बुद्धीने बालक अशा गुलामाला एकदम मुक्त करणे म्हणजे त्या कथेतील प्राणी निर्माण करण्यासारखे होय, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. कादंबरीतील कृती मिल्टन व प्लुटार्क वाचते, स्वतःच्या हक्काचा युक्तिवाद करते. ती कृती कॅनिंगच्या कामाची नव्हती. पीकच्या रंगमंचावरील मुकी कृतीच त्याच्या युक्तिवादाला सोयीची होती. मराठी वृत्तपत्रांत अशा प्रसंगी भस्मासुराचे नाव येते, आणि इंग्रजीतील ‘फ्रँकेन्स्टाइन’चा तो रूढ पर्यायच झाला आहे. परंतु भस्मासुराच्या कथेत वर देणाऱ्या शंकराचे त्या असुराप्रती काही देणे लागते काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मोहिनी येते, असुर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि संकट टळते. ही तुलना नाटकाला लागू पडते, कादंबरीला नाही.

तिसरा पाठ खुद्द लेखिकेचा आहे, आणि विवेचकांना तोच सर्वांत अवघड वाटला आहे. १८३१ मध्ये कोलबर्न व बेंटली यांच्या ग्रंथमालेत कादंबरीची सुधारलेली आवृत्ती निघाली. नव्या प्रस्तावनेत मेरी शेलीने म्हटले की बदल केवळ भाषेचे आहेत, कथानकात वा विचारात काही फरक केलेला नाही. प्रत्यक्षात फरक आहे. एलिझाबेथ पूर्वी व्हिक्टरची आतेबहीण होती, आता ती दत्तक घेतलेली अनाथ मुलगी झाली. विजेने दुभंगलेल्या वृक्षाच्या प्रसंगी वडिलांच्या स्पष्टीकरणाऐवजी गॅल्व्हानीच्या मताचे विवेचन करणारा एक पाहुणा आला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्हिक्टरच्या तोंडी नियतीची भाषा आली. १८१८ चा व्हिक्टर प्रत्येक टप्प्यावर वेगळे वागू शकला असता. १८३१ चा व्हिक्टर पुष्कळदा एका अदृश्य शक्तीच्या हातातील बाहुले वाटतो. या बदलाची दोन कारणे दिली जातात. १८१८ ते १८२४ या अवधीत मेरीची दोन मुले, पती आणि बायरन हे सर्व मृत्यू पावले होते. नियतीवर विश्वास बसण्यास एवढे पुरेसे आहे. दुसरे कारण मॅरिलिन बटलर यांनी मांडले: लॉरेन्सची १८१९ ची व्याख्याने धर्मविरोधी ठरून त्याला ती मागे घ्यावी लागली, १८२२ मध्ये न्यायालयाने त्या ग्रंथाला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाकारले, आणि त्या वातावरणात लेखिकेने आपल्या कथेतील धारदार भाग बोथट केला. दोन्ही कारणे एकमेकांस बाधक नाहीत; परंतु दुसरे अधिक जड आहे, कारण नियतीबरोबर पश्चात्तापाची धार्मिक भाषाही याच आवृत्तीत वाढली, आणि ती केवळ शोकातून येणारी नव्हे. सुमारे दीड शतक बहुतेक वाचकांनी हाच पाठ वाचला. १८१८ च्या पाठाकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वळले ते मुख्यतः १९७४ मधील जेम्स रीगरच्या आवृत्तीमुळे.

चित्रपटसृष्टीतील पहिला फ्रँकेन्स्टाइन १९१० मध्ये एडिसनच्या कंपनीने काढला. त्यात कृती रसायनांच्या कढईतून वर येते व शेवटी आरशात विरून जाते. त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही. निर्णायक ठरला तो जेम्स व्हेल याने युनिव्हर्सल कंपनीसाठी दिग्दर्शित केलेला १९३१ चा बोलपट. आजचा माथेफिरू शास्त्रज्ञ येथे पूर्ण आकाराला आला. पेगी वेबलिंगच्या नाटकावरून नायकाचे नाव हेन्री झाले. केनेथ स्ट्रिकफाडेनच्या यंत्रांनी प्रयोगशाळा विजेने भरून गेली. प्रयोगाच्या रात्री आलेले पाहुणे हेन्रीला तोंडावर वेडा म्हणतात आणि तो त्यांना बसवून प्रयोग दाखवितो. पीकचा फ्रिट्झ येथे कुबडा मदतनीस होऊन परतला, आणि त्याच्या हातून कथेचा सर्वांत मोठा फेरबदल घडला. वैद्यकीय महाविद्यालयातून निरोगी मेंदू चोरताना तो हातातून पडतो आणि फ्रिट्झ त्याऐवजी गुन्हेगाराचा विकृत मेंदू आणतो. या एका काचपात्राने दोषाचे संपूर्ण गणित बदलले. कृती क्रूर झाली ती त्यागामुळे नव्हे, सदोष अवयवामुळे. आणि चूक स्वामीची नसून नोकराची. हेन्री शेवटी जिवंत राहतो, त्याचे लग्न व्हायचे असते, वृद्ध पिता घराण्याच्या नावाने पेला उंचावतो. वेडा शास्त्रज्ञ बरा होऊ शकतो, हा या सृष्टीचा नियम. १९३५ च्या पुढील भागात व्हेलने प्रारंभी खुद्द मेरी शेलीला पडद्यावर आणले व एल्सा लँचेस्टर हिला लेखिका आणि कृतीची वधू अशा दोन्ही भूमिका दिल्या. हा विनोद वाटला तरी त्यात पुढील समांतर-विश्वकथांचे बीज आहे.

ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५७ मध्ये ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ काढला तेव्हा तोल पुन्हा बदलला. युनिव्हर्सलच्या मालिकेत कृती टिकून राहते आणि डॉक्टर बदलत जातात. हॅमरच्या मालिकेत पीटर कुशिंगचा बॅरन १९७४ पर्यंत सहा चित्रपटांत टिकतो आणि कृती बदलत जातात. हा बॅरन मुळीच भ्रमिष्ट नाही. तो शांत, सुसंस्कृत आणि हिशेबी आहे. उत्तम मेंदू हवा म्हणून तो एका वृद्ध प्राध्यापकाचा खून करतो. येथेही जस्टिन आहे, परंतु ती बॅरनने फसविलेली मोलकरीण आहे, आणि तिने तोंड उघडण्याची धमकी देताच तो तिला कृतीच्या खोलीत कोंडतो. फाशीच्या कोठडीत तो सर्व हकीकत सांगतो. कृती आम्लाच्या हौदात विरघळलेली असते, एकमेव साक्षीदार पॉल तिच्या अस्तित्वाला दुजोरा देत नाही, आणि बॅरन गिलोटिनकडे नेला जातो. न मानलेली कबुली हा कादंबरीतला प्रसंग दिग्दर्शक टेरेन्स फिशरच्या या चित्रपटात असा फिरून येतो. फरक इतकाच की येथे ऐकणाऱ्याला खरे ठाऊक आहे.

ब्रायन ऑल्डिस याची ‘फ्रँकेन्स्टाइन अनबाउंड’ ही कादंबरी १९७३ ची. ‘फ्रँकेन्स्टाइन’ हीच पहिली विज्ञानकादंबरी, असा दावा त्याने त्याच वर्षीच्या आपल्या समीक्षाग्रंथात केला होता, आणि कादंबरी हे त्याचेच कथारूप भाष्य म्हणता येईल. तीत एकविसाव्या शतकातील अण्वस्त्रयुद्धाने अवकाश व काल यांची वीण उसवते, आणि जोसेफ बोडनलँड हा अमेरिकन गृहस्थ १८१६ च्या जिनीव्हात जाऊन पडतो. तेथे व्हिक्टर हा जिताजागता माणूस आहे, आणि थोड्याच अंतरावर मेरी त्याची कथा लिहीत आहे. लेखिका व पात्र एकाच सृष्टीत नांदतात. या कल्पनेतून एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. बोडनलँडला कथानक ठाऊक असल्यामुळे विल्यमचा खरा खुनी कोण हे त्याला आधीच माहीत असते. ज्ञान असून मौन धरण्याची व्हिक्टरची सबब त्याला उपलब्ध नाही. परंतु जबाबदारी अंगावर घेता घेता त्याचा शिकारी होतो, आणि अखेर तो हिमप्रदेशात कृतींचा पाठलाग करीत असतो, म्हणजे मूळ ग्रंथातील व्हिक्टरच्याच जागी पोहोचलेला असतो. ऑल्डिसची गद्यशैली घाईची आहे आणि मेरीशी जुळविलेले प्रेमप्रकरण अनावश्यक. तरीही जगे बदलली तरी जागा तीच राहते, हे या कादंबरीइतके स्पष्ट कोणी दाखविलेले नाही.

अलास्डेर ग्रे याने १९९२ च्या ‘पुअर थिंग्ज’मध्ये दोन समांतर पाठ एकाच पुठ्ठ्यात बांधले. पहिल्यात मॅककँडलेस हा डॉक्टर सांगतो की ग्लासगोच्या गॉडविन बॅक्स्टर याने बुडून मेलेल्या गर्भवती स्त्रीला तिच्याच अर्भकाचा मेंदू बसवून जिवंत केले. दुसऱ्यात ती स्त्री, व्हिक्टोरिया, जी स्वतः डॉक्टर झाली आहे, पतीचे हे सारे कथन कपोलकल्पित ठरविते. मूळ कादंबरीत कृतीला वाचा मिळाली होती; येथे तिला खंडनाचा अधिकारही मिळाला. योर्गोस लँथिमोस याच्या २०२३ च्या चित्रपटाने व्हिक्टोरियाचे पत्र वगळले आणि ग्लासगोऐवजी लंडन घेतले. चित्रपट देखणा आहे, पण पीकने दोनशे वर्षांपूर्वी केलेली गोष्टच त्याने पुन्हा केली. पीटर ॲक्रॉइडच्या २००८ च्या कादंबरीत तर शेवटच्या पानावर कळते की व्हिक्टरची सारी टिपणवही वेड्यांच्या इस्पितळातील एका रुग्णाने अधीक्षकाच्या हाती दिलेली आहे. जिनीव्हाच्या न्यायाधीशाचे मत येथे ग्रंथकारानेच उचलून धरले, असे म्हणावे लागते.

अहमद सादावी या इराकी लेखकाची ‘फ्रँकेन्स्टाइन इन बगदाद’ या इंग्रजी नावाने प्रसिद्ध असलेली अरबी कादंबरी २०१३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय अरबी कादंबरी पुरस्कार मिळाला. या सृष्टीत शास्त्रज्ञ मुळी नाहीच. हादी नावाचा जुन्या वस्तूंचा फेरीवाला, २००५ च्या बगदादमध्ये बॉम्बस्फोटांनी रस्त्यावर विखुरलेले अवयव गोळा करून शिवतो. हेतू इतकाच की एक पुरे प्रेत तयार व्हावे आणि त्याचे माणसासारखे दफन व्हावे. त्या देहात स्फोटात मेलेल्या एका पहारेकऱ्याचा आत्मा शिरतो, आणि तो देह आपल्या प्रत्येक अवयवाच्या मूळ धन्याचा सूड घेत फिरू लागतो. त्याला नाव नाही. लोक त्याला ‘ते काय म्हणतात ते’ अशा अर्थाच्या इराकी बोलीतील शब्दाने ओळखतात. हादी ही हकीकत कॉफीच्या दुकानात बसून जसीच्या तशी सांगतो. तो थापाड्या म्हणून प्रसिद्ध असल्याने ऐकणारे हसतात व आणखी एक पेला मागवितात. कादंबरीच्या अखेरीस एका स्फोटात भाजून विद्रूप झालेला हादी इस्पितळात आरशात पाहतो तेव्हा त्याला स्वतःचा चेहरा ओळखता येत नाही. आणि सरकार त्यालाच तो फरारी खुनी म्हणून जाहीर करते.